पक्षाघातानंतर हाताचे पुनर्वसन : व्यवसायोपचार विभागाची आवश्यकता

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



जमाखर्चाचे पत्रक आपल्या हाती आहे. त्यातील बहुतेक बाबींना स्पष्टीकरणाची आवश्यकता नाही. एका बाबीवर मात्र विश्वस्त मंडळात बरीच चर्चा झाली व तो विषय आज सभेपुढे आला आहे. व्यवसायोपचार विभागाचा खर्च त्याच्या उत्पन्नापेक्षा सातत्याने अधिक आहे. हा विभाग वाढवावा, की तो आटोपता घेऊन एका हितचिंतकांनी देऊ केलेल्या देणगीतून हाताच्या व्यायामाचे स्वयंचलित यंत्र घ्यावे, असा हा प्रश्न आहे. वैद्यकशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे, हिशेब हा आहे. तज्ज्ञांकडून जे समजून घेतले, ते आम्ही हिशेबाच्या दृष्टीने आपल्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम नावाविषयी. 'व्यवसायोपचार' हा शब्द ऐकून नोकरीधंदा मिळवून देणारा हा विभाग असावा, असा पुष्कळांचा समज होतो. येथे व्यवसाय म्हणजे मनुष्य दिवसभर ज्यात गुंतलेला असतो ते प्रत्येक काम : दात घासणे, सदऱ्याची बटणे लावणे, भाकरी थापणे, खुरपे धरणे, सही करणे. अशा कामांच्या द्वारे व अशा कामांसाठी दिलेला उपचार तो व्यवसायोपचार. ही विद्या महाराष्ट्राला परकी नाही. अमेरिकेत जन्मलेल्या व विवाहानंतर येथल्याच झालेल्या श्रीमती कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विषयाचे देशातील पहिले विद्यालय सुरू केले. १९५२ साली या क्षेत्राची जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा तिच्या दहा संस्थापक देशांत भारताचा समावेश होता.

पक्षाघातात मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अडतो किंवा तेथे रक्तस्राव होतो आणि शरीराच्या विरुद्ध बाजूचे बळ जाते. उपचारानंतर रुग्ण काठी टेकत चालू लागतो, घरची माणसे समाधान पावतात आणि आमच्या दप्तरी 'सुधारणा होऊन घरी' अशी नोंद होते. हात मात्र पुष्कळदा मागे राहतो. पाय थोडा ताठर असला तरी त्यावर भार देऊन चालता येते. हाताचे तसे नाही. पाण्याचा पेला धरावयाचा तर खांदा स्थिर हवा, कोपर सरळ व्हावे, मनगट उचलले जावे, बोटे उघडावीत आणि बेताने मिटावीत. उजवी बाजू गेलेल्या रुग्णास डाव्या हाताने जेवावे लागते. आपल्याकडे पंगतीत बसून डाव्या हाताने जेवणे किती जड जाते, हे सांगावयास नको. काहीजण लग्नकार्यास जाणेच टाळू लागतात.

यातच आणखी एक अडचण असते. चांगला हात सर्व कामे उरकून टाकतो व दुबळा हात पडून राहतो. पुढे त्यात थोडी शक्ती आली तरी तो न वापरण्याची सवय जडलेली असते. अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड टाउब यांनी या सवयीचा अभ्यास करून एक उपाय विकसित केला : चांगल्या हातावर जाड मोजा चढवून दुबळ्या हातालाच कामास लावावयाचे. या उपायाची २२२ रुग्णांवरील चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. दोन आठवडे जागेपणीचा ९० टक्के वेळ मोजा घालणे आणि दररोज सहा तासांपर्यंत सराव करणे, असे तिचे स्वरूप होते. या रुग्णांच्या हाताची प्रगती इतरांपेक्षा अधिक झाली व ती वर्षानंतरही टिकून होती.

ज्यांना मनगट व बोटे थोडी तरी उचलता येतात, त्यांच्यासाठीच हा उपाय आहे. इतर काही रुग्णांसाठी आरसा वापरतात. दोन हातांच्या मध्ये आरसा उभा करून चांगल्या हाताची हालचाल त्यात पाहिली, की दुबळाच हात हलत असल्याचा भास मेंदूस होतो. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी ही युक्ती हात गमावलेल्या व्यक्तींच्या वेदनांसाठी १९९० च्या दशकात योजिली होती. पुढे ती पक्षाघातासाठीही उपयोगात आली. आपल्या विभागातील आरसा रुग्णालयाच्या सुताराने चौकटीत बसवून दिलेला आहे.

प्रत्येक हात पूर्ववत होतो, असे आश्वासन आम्ही देऊ शकत नाही. नेदरलँड्समधील २०१० सालच्या एका अभ्यासात पहिल्या तीन दिवसांत ज्यांना बोटे थोडी उघडता येत होती व खांदा बाजूस उचलता येत होता, अशांपैकी ९८ टक्के रुग्णांच्या हातात सहा महिन्यांनी काही कौशल्य परतण्याची शक्यता दिसली. ज्यांना दोन्ही जमत नव्हते, त्यांच्यात ही शक्यता २५ टक्के होती. या दुसऱ्या गटातील रुग्णास एका हाताने कपडे घालण्यास, भाजी चिरण्यास शिकविणे व त्याचा दुबळा हात वेदनेवाचून, आखडल्यावाचून जपणे, हेही विभागाचेच काम आहे.

आता कोणी विचारील, की हे सर्व नातेवाइकांस शिकवून रुग्णास घरी का पाठवू नये? हा विचार आपल्या देशात कसोटीस लावला गेला आहे. भारतातील १४ केंद्रांमध्ये १२५० रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. कुटुंबीयांस प्रशिक्षण दिलेल्या व न दिलेल्या अशा दोन्ही गटांत सहा महिन्यांनी मृत्यू पावलेल्या वा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण सारखेच, ४७ टक्के, होते. कुटुंबाचा आधार अमूल्य आहे, परंतु प्रशिक्षित माणसाची जागा तो भरून काढील असे गृहीत धरता येत नाही, असा याचा अर्थ आम्ही घेतो. घरी प्रेमापोटीच रुग्णास दुबळ्या हाताला धरून उठविले जाते, दाराला दोरी बांधून हात वर ओढविला जातो, आणि त्याने सैल झालेला खांदा दुखू लागतो. हात उशीवर नीट ठेवावा, उठविताना कमरेला आधार द्यावा, एवढे सांगण्यासही वेळ असलेला जाणकार माणूस लागतो.

यंत्राविषयी. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेली यांत्रिक उपचाराची मोठी चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. हाताच्या प्रत्यक्ष वापराच्या मुख्य मोजमापात यंत्राने नेहमीच्या उपचारापेक्षा सरसता दाखविली नाही. तितकाच वेळ माणसाने उपचार दिलेल्या गटातही त्या मोजमापात ठळक फरक नव्हता, परंतु दैनंदिन कामांत त्या गटास लाभ दिसून आला. यंत्रे निरुपयोगी आहेत, असे आमचे म्हणणे नाही. मोठ्या शहरातील सुसज्ज केंद्रात त्यांना स्थान असेल. आपल्यासारख्या रुग्णालयात यंत्र आले आणि तज्ज्ञ गेले, तर मात्र ते यंत्र थोड्याच दिवसांत आच्छादनाखाली जाईल.

हिशेबाची अडचणही येथेच आहे. यंत्र ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसते, यद्यपि त्यास दरवर्षी घसारा लागतो. तज्ज्ञाचे कौशल्य वर्षागणिक वाढते, पण ते पत्रकात केवळ वेतनखर्च म्हणून दिसते. धर्मादाय रुग्णालय या नात्याने १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी आपण राखतो, त्यामुळे खाटांचा हिशेब आपल्या अंगवळणी पडला आहे. हाताच्या उपचारास खाट लागत नाही, तास लागतात. आणि ते बहुतांशी रुग्ण घरी गेल्यानंतर लागतात. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो. नेमक्या त्याच काळात खेड्यातील रुग्ण येईनासा होतो, कारण सोबत येणाऱ्याची दिवसाची मजुरी बुडते.

यास्तव आमची सभेस तीन बाबतींत विनंती आहे. पहिली, देऊ केलेल्या देणगीचा कायम निधी करून त्याच्या व्याजातून दुसऱ्या व्यवसायोपचारतज्ज्ञाची नेमणूक व्हावी. दुसरी, आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यांतून वाहने येतात, त्या दिवशी विभाग सायंकाळपर्यंत खुला ठेवून हाताच्या सरावाचे सामुदायिक वर्ग घ्यावेत. तिसरी, निर्धन रुग्णांच्या सोबत्यास प्रवासखर्च द्यावा. दात्यांशी अध्यक्ष महोदयांचे बोलणे झाले आहे. यंत्रावर जसे नाव कोरता आले असते तसे ते या निधीसही दिले जाईल. सभेचा कौल पाहून निर्णय कळवू, असे त्यांनी सांगितले आहे.

विभाग पुढील वर्षीही तोट्यातच दिसेल, हे आम्ही आजच नमूद करून ठेवतो. मात्र पुढील अहवालात त्या रकमेशेजारी आणखी एक रकाना असेल : किती रुग्ण स्वतःच्या हाताने जेवू लागले. सभेने सदर ठरावास मान्यता द्यावी, ही नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.