उंबरठ्यापलीकडे हवा नाही



घर बांधायचं म्हणून जी मंडळी माझ्याकडे येतात, त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. हॉलमध्ये सकाळचं ऊन येईल ना? ओटा कुठल्या भिंतीला? गच्ची गळणार नाही ना? ऊन हवं तेवढंच आत घ्यायचं, पाऊस-वारा बाहेर ठेवायचा, यासाठी आपण घर बांधतो. मंगळावर ते आतली हवा आत ठेवण्यासाठी बांधावं लागेल.

या सभागृहाचा तो दरवाजा बघा. सात फूट उंच, तीन फूट रुंद. मंगळावर हवेचा दाब इथल्या एक टक्क्याहूनही कमी असतो. आत इथल्यासारखी हवा भरली, तर त्या एका दरवाजावर आतून बाहेर सुमारे वीस टनांचा रेटा बसेल. दरवाजाएवढ्या भिंतीवर तेवढाच, छतावर तेवढाच. दगड, वीट, काँक्रीट ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची सामग्री भार सोसते, पण ताणाला कच्ची. इथे घर कोसळायची भीती. तिथे ते फुटायची.

वरून माती टाका, असं कुणीही म्हणेल. हिशेब मांडून पाहू. मंगळावर वस्तूचं वजन इथल्या ३८ टक्केच भरतं. तसल्या हलक्या मातीने आतला रेटा पुरता तोलायचा, तर छतावर सतरा-अठरा मीटरचा थर लागेल. पाच-सहा मजली इमारतीएवढा. म्हणून आतला दाब थोडा कमी ठेवायचा, कवच ताण सोसणारं घ्यायचं, कोपरे गोल करायचे. माती तरीही लागतेच, ती किरणोत्सारासाठी. ‘क्युरिऑसिटी’ गाडीने मंगळाच्या जमिनीवर तो मोजला तेव्हा रोजचा आकडा सुमारे ०.६७ मिलिसिव्हर्ट आला. आपल्याला निसर्गातून वर्षभरात सरासरी २.४ मिळतो. आपल्या वर्षाचा वाटा तिथे चार दिवसांत.

नासाने मंगळावरच्या घरांसाठी स्पर्धा घेतली. २०१९ साली त्यात पहिलं आलेलं ‘मार्शा’ हे घर उभ्या अंड्यासारखं आहे, आत चार मजले. त्याची सामग्री पाहून मला फार आनंद झाला. बेसाल्ट वितळवून काढलेले धागे आणि मक्यासारख्या पिकापासून होणारं प्लास्टिक. एक तृतीयांश आकाराचा नमुना यंत्राने तीस तासांत थरावर थर देत उभा केला. बेसाल्ट म्हणजे आपला काळा पाषाण! मंगळाचा बराचसा पृष्ठभाग त्याच जातीचा आहे. तिथल्या आर्सिया मॉन्स या ज्वालामुखीच्या उतारावर २००७ साली काळी, खोल विवरं दिसली. लाव्हा वाहून गेल्यावर मागे राहिलेल्या पोकळ्यांची ती तोंडं असावीत. तसं असेल तर वरचं छत आयतंच मिळेल. काळ्या पाषाणाच्या पोटात राहायची जागा असू शकते, हे वेरूळ-अजिंठा पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

भिंतीबद्दल आणखी एक गोष्ट, कारण ती मला घरं बांधणाऱ्या प्रत्येकाला सांगावीशी वाटते. १९९१ साली अमेरिकेत ॲरिझोनामध्ये आठ माणसं ‘बायोस्फिअर २’ नावाच्या हवाबंद काचघरात दोन वर्षांसाठी राहायला गेली. शेती आत, झाडं आत, छोटा समुद्रही आत. हळूहळू त्यांना जिने चढताना धाप लागू लागली. हवेतला प्राणवायू जवळजवळ २१ टक्क्यांवरून साडेचौदावर उतरला होता. सुपीक मातीतले जीवाणू तो खात होते, हे लक्षात आलं. पण मग त्याच प्रमाणात कार्बन डायऑक्साइड वाढायला हवा होता. तो कुठे गेला? शेवटी सापडला तो काँक्रीटमध्ये. भिंतींनी तो शोषून त्याचा चुना-दगड केला होता. बाहेरून प्राणवायू आणून सोडावा लागला. नकाशावर आपण भिंत म्हणजे एक रेघ काढतो. त्या घरात ती रेघ श्वास घेत होती.

आता ज्यासाठी मी आज इथे उभी आहे, ते सांगते. हवा आणि किरण यांचा हिशेब झाला की उरलेल्या जागेत माणसांची सोय बघू, असा एक विचार या क्षेत्रात सतत डोकावतो. मला तो मुळातच चूक वाटतो. खिडकी, जेवायचं टेबल, लावून घेता येईल असं दार, हे पहिल्या नकाशातच यायला हवं. नंतर त्यांना जागा मिळत नाही. १९७३ च्या ‘स्कायलॅब’ या अमेरिकी अंतराळस्थानकासाठी रचनाकार रेमंड लोवी यांनी जेवणाच्या खोलीत खिडकी हवीच, असा आग्रह धरला. कवचाला भोक पाडणं अभियंत्यांच्या जिवावर आलं होतं. खिडकी झाली, आणि अंतराळवीरांचा मोकळा वेळ तिच्याशीच जाऊ लागला.

मंगळावर राहण्याचा सराव म्हणून ह्यूस्टनला नासाने यंत्राने थरावर थर देत छापलेल्या भिंतींचं १७०० चौरस फुटांचं घर उभारलं आहे. २५ जून २०२३ पासून चार माणसं त्यात ३७८ दिवस राहिली. निरोप बाहेर पोचायला बावीस मिनिटांपर्यंत लागतील, अशी व्यवस्था होती. आईची तब्येत विचारली तर उत्तर पाऊण तासाने. त्या घराची छतं मुद्दाम ठिकठिकाणी कमी-जास्त उंचीची ठेवली आहेत, म्हणजे एका खोलीतून दुसरीत गेल्याचं अंगाला जाणवावं. मुंबईत चाळीच्या दोन खोल्यांत वाढलेल्यांना पोटमाळ्यावर चढून बसण्यातलं सुख आठवेल.

आणि गालिना बालाशोवा. सोव्हिएत अंतराळ कार्यक्रमातली ही वास्तुविशारद. १९६० च्या दशकात ‘सोयूझ’ यानाच्या राहत्या भागाचा अभियंत्यांनी केलेला आराखडा मुख्य रचनाकार कोरोल्योव्ह यांना पसंत पडला नाही. तिने घरी बसून नवा काढला. त्यात सोफा होता, भिंतीलगतचं कपाट होतं. जिथे वर-खाली काहीच नसतं, तिथे तिने जमीन गडद आणि छत फिकं रंगवलं, म्हणजे डोळ्यांना पाय कुठे ठेवायचे ते कळावं. भिंतीवर लावायला स्वतः काढलेली जलरंगातली निसर्गचित्रं दिली. सोयूझ परतताना तो भाग सुटा होऊन वातावरणात जळून जातो. चित्रंही त्याच्याबरोबर जळत. ती पुढच्या यानासाठी नवं चित्र काढायला घेई.