विकलेला माल परत घेताना : विजेच्या मोटारींचे एक प्रकरण

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या मालेत बोलण्याचे निमंत्रण आले तेव्हा मी कार्यवाहांना विषय विचारला. ते म्हणाले, "तुम्ही विद्युत अभियंते. विजेच्या मोटारींवर बोला. पण फायदे सांगू नका, ते विक्रेते सांगतातच. गाडीत खोट निघाली तर माणसाने काय करायचे, ते सांगा." सूचना मला पटली. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांच्या इमारतीखाली आता विजेवरची गाडी उभी असते, आणि तिच्या वरच्या मजल्यावर आपली मुलेबाळे झोपलेली असतात.

आपल्यापैकी अनेकांच्या पेढीवर पूर्वी एक पाटी असे, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' माझ्या वडिलांच्या दुकानातही ती होती. आज ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे सदोष माल बिलावरील मुदतीत, आणि बिलावर मुदत नसल्यास तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. साडीचे किंवा मिक्सरचे ठीक आहे. पण चारशे किलोंहून जड बॅटरी पोटात घेतलेली मोटार, आणि तीही एक नव्हे, लाखभर, परत घेण्याची वेळ आली तर काय होते? अमेरिकेतील जनरल मोटर्स या कंपनीच्या शेव्हरोले बोल्ट या गाडीच्या बाबतीत तसे घडले. ते प्रकरण मी थोडे विस्ताराने सांगणार आहे.

ही गाडी 2016 च्या अखेरीस बाजारात आली. तिच्या तळाशी चपट्या पाकिटांसारखे 288 सेल रचलेले होते, आणि ते कोरियातील एलजी समूहाने बनविलेले होते. सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत एका चार्जिंगवर 238 मैल, म्हणजे सुमारे 380 किलोमीटर, जाणारी गाडी म्हणून तिचे मोठे कौतुक झाले. पुढे काही गाड्या उभ्या जागी पेटल्या. एकूण गाड्यांच्या मानाने अशा घटना अगदी थोड्या होत्या. परंतु गाडी घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये पेटते तेव्हा टक्केवारीचा आधार कोणाला वाटणार?

नोव्हेंबर 2020 मध्ये कंपनीने 2017 ते 2019 या वर्षांच्या सुमारे 69 हजार गाड्या माघारी बोलावल्या. 'माघारी बोलावणे' या शब्दाने आपला गैरसमज होतो. गाडी नेली आणि पैसे दिले, असे ते नसते. मालकांना सांगण्यात आले, की बॅटरी नव्वद टक्क्यांपर्यंतच भरा, आणि तेवढी मर्यादा घालून होईपर्यंत गाडी घराबाहेर उभी करा. 2021 च्या वसंतात गाडीच्या संगणकात नवी प्रणाली घालून देण्यात आली. ती सदोष बॅटरी ओळखेल, असे कंपनीचे म्हणणे होते. अनेकांनी ते काम करून घेतले आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

पण जुलै 2021 च्या आरंभी व्हर्माँट राज्याच्या प्रतिनिधीगृहातील एका सदस्याची गाडी त्यांच्या घरी चार्जिंगला लावलेली असताना पेटली, आणि त्या गाडीत ही दुरुस्ती झालेली होती! त्याच महिन्यात त्याच गाड्यांना दुसऱ्यांदा बोलावणे गेले, आणि ऑगस्टमध्ये तर तोवर तयार झालेल्या यच्चयावत बोल्ट गाड्या त्यात आल्या. एकूण संख्या 1 लाख 40 हजारांच्या पुढे गेली.

कारण सापडले ते दोन दोषांच्या योगाचे. सेलमधील ॲनोडची जोडपट्टी फाटलेली असणे हा एक दोष, आणि दोन ध्रुवांमधील विभाजक पडदा दुमडलेला असणे हा दुसरा. दोन्ही एकाच सेलमध्ये एकत्र आले की आतल्या आत शॉर्टसर्किट होण्याचा संभव. हे दोष कारखान्यात घडलेले होते, त्यामुळे मालकाच्या वापराशी त्यांचा संबंध नव्हता. तरीही पथ्य मालकालाच पाळावे लागले. नव्वद टक्क्यांच्या वर भरू नका, सत्तर मैलांच्या खाली उतरू देऊ नका, चार्जिंग होताच गाडी बाहेर काढा, रात्रभर घरात चार्जिंगला लावू नका. ज्याची नोकरी दूर आहे आणि ज्याला स्वतःचे अंगण नाही, त्याने काय करावे?

येथे परतखरेदीचा प्रश्न आला. कंपनीने सरसकट गाड्या परत घेतल्या नाहीत, प्रत्येक मालकाचे प्रकरण वेगळे पाहिले. मालकांच्या हाती साधन होते ते आपापल्या राज्यातील 'लेमन लॉ'चे, म्हणजे अक्षरशः लिंबू-कायद्याचे. आपण नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधतो, तिकडे खोट निघालेल्या गाडीलाच लिंबू म्हणतात, एवढाच काय तो फरक. कॅलिफोर्नियाचा 1970 चा सॉंग-बेव्हर्ली कायदा यात प्रसिद्ध आहे. वाजवी प्रयत्नांनंतरही हमीतील दोष दुरुस्त होत नसेल, तर कंपनीने गाडी बदलून द्यावी किंवा कर व नोंदणीखर्चासह किंमत परत करावी, असे तो सांगतो. त्यातून वापराची वजावट होते, आणि व्यापारी मंडळींनी तिचे गणित नीट ध्यानात घ्यावे. गाडी त्या दोषासाठी पहिल्यांदा दुरुस्तीस नेली, त्या दिवशी झालेले मैल भागिले 1 लाख 20 हजार, गुणिले किंमत. समजा गाडी 36 हजार डॉलरची आणि पहिल्या खेपेस 12 हजार मैल झालेले, तर वजावट 3600 डॉलर. तीच पहिली नोंद 24 हजार मैलांवर झाली, तर 7200. गाडी तीच, दोष तोच. पहिला कागद उशिरा झाला म्हणून रक्कम दुप्पट कापली गेली.

मला स्वतःला हा धडा घरातच मिळाला आहे. माझ्या विजेच्या दुचाकीची बॅटरी अवाजवी तापू लागली. कंपनीचे नाव घेत नाही. दोनदा सर्व्हिस सेंटरला गेलो, दोन्ही वेळा तेथील मुलाने "काका, बघून दिले" म्हणून गाडी परत केली, आणि मीही जॉबकार्ड मागितले नाही. तिसऱ्या खेपेस हमीची मुदत संपली होती, आणि त्यांच्या संगणकात माझी आधीची एकही तक्रार नव्हती. बॅटरीचे पैसे मला भरावे लागले. चाळीस वर्षे इतरांच्या नोंदवह्या तपासणाऱ्या माणसाची ही गोष्ट आहे.

आता परत घेतलेल्या गाडीचे पुढे काय होते, हेही सांगतो, कारण मला त्या कायद्यातील हा भाग सर्वांत आवडतो. कॅलिफोर्नियात अशी गाडी पुन्हा विकायची, तर तिच्या मालकीपत्रावर लेमन लॉखाली परत घेतल्याची नोंद करावी लागते, दाराच्या चौकटीवर तशी चिकटपट्टी लावावी लागते आणि नव्या ग्राहकास दोष लेखी कळवावा लागतो. खोट दडवून माल पुढे सरकवण्याची वाट त्यामुळे बंद होते.

मग परतखरेदी घेणारे शहाणे, की थांबणारे? याचे सरळ उत्तर नाही. ऑक्टोबर 2021 पासून नव्या बॅटऱ्या बसविणे सुरू झाले. त्यांवर आठ वर्षे किंवा एक लाख मैलांची नवी हमी मिळाली, आणि जुन्या गाड्यांची धाव 238 वरून 259 मैलांवर गेली. थांबलेल्यांचा लाभच झाला. एलजीने जनरल मोटर्सला 1.9 अब्ज डॉलरपर्यंत भरपाई देण्याचे मान्य केले. पण 2020 ते 2022 च्या पुष्कळ मालकांच्या वाट्याला बॅटरी आली नाही. जून 2023 मध्ये त्यांना पुन्हा संगणकप्रणालीच देण्यात आली. ती सुमारे दहा हजार किलोमीटर बॅटरी तपासते, आणि तोवर ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग अडते. पुढे 2024 मध्ये मालकांच्या सामुदायिक दाव्यात 15 कोटी डॉलरची तडजोड झाली. माझे मत विचाराल, तर ज्याला गाडी मोकळ्या जागेत ठेवता येते त्याने थांबावे, आणि ज्याच्या गाडीवर माणसे झोपतात त्याने परतखरेदीसाठी पहिल्या दिवसापासून लेखी मागणी करावी.

हे सारे परदेशी वाटेल. परंतु ह्युंदाई कंपनीने डिसेंबर 2020 मध्ये आपल्या देशातील 456 कोना गाड्या बॅटरीच्या तपासणीसाठी बोलावल्या होत्या. जून 2022 मध्ये वसईला एक विजेची मोटार पेटली, तेव्हा केंद्र सरकारने चौकशी लावली. आपल्याकडे कायदाही आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 110-अ आले आणि त्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले. सरकारने गाड्या माघारी बोलावण्याचा आदेश दिल्यास कंपनीने पूर्ण किंमत परत करावी, किंवा गाडी बदलून अथवा दुरुस्त करून द्यावी, असे त्यात आहे. त्यातील 'किंवा' हा शब्द विसरू नका, कंपनी बहुधा दुरुस्तीच पुढे करणार. ती मान्य नसेल तर ग्राहक आयोगाकडे जाता येते. तक्रार आता आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल होते, मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून तिचा क्रमांक लिहून ठेवावा.

गाडी दुसऱ्या हाताने घेतली असेल, तर कंपनीचे पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाऊ शकते. यास्तव आरसीवर आपलाच पत्ता आणि मोबाइल आहे ना, हे पाहावे. आपण गाडी विकणार असाल आणि तिचे बोलावणे आलेले असेल, तर ते पत्र घेणाऱ्याच्या हाती द्यावे. किंमत थोडी उतरेल, उतरू द्यावी.

संस्थेच्या इमारतीखाली चार्जिंगची जागा कोठे असावी, असे विश्वस्तांनी मला विचारले आहे. जिन्याखाली आणि मीटरच्या खोलीलगत नको, उत्तरेकडील मोकळ्या भिंतीशी चालेल, इतके आजच सांगतो. आराखडा पुढील बैठकीत देईन. काही मंडळींनी आपल्या गाड्यांची कागदपत्रे सोबत आणली आहेत. भोजनानंतर मी सभागृहातच थांबणार आहे, आरसी आणि असतील तेवढी जॉबकार्डे घेऊन यावे.