घोडकांठचा कुंचला

अथेन्स शहरांत इसवी सनापूर्वीं सुमारें 500 ते 460 या काळांत मृत्तिकाघटांवर चित्रें काढणारा एक कारागीर होऊन गेला. आपलें नांव त्यानें मागें ठेविलें नाहीं. तरीहि त्याच्या हातचे म्हणून दोनशेंहून अधिक घट आज ओळखले जातात. त्याची उमेद, त्याची भरभराट आणि उतारवयांतील त्याचा थकलेला कुंचला, सारें त्यांत वाचतां येतें. हें श्रेय ऑक्सफर्डचे पंडित जॉन बीझली (1885–1970) यांचें. 1911 सालीं त्यांनीं त्याचें काम निवडून काढलें, आणि बर्लिनच्या संग्रहालयांतील एका घटावरून 'बर्लिनचा चित्रकार' हें नांव त्याला मिळालें. काळ्या तकतकीत पृष्ठावर एकच तांबडी आकृति, भोवतीं चौकट नाहीं, ही त्याची खास धाटणी. पण बीझलींची नजर देवदेवतांच्या मुद्रेवर कमी आणि घोट्यावर, कानावर, वस्त्राच्या चुणीवर अधिक असे. जेथें चित्रकार विचार न करतां रेघ ओढतो, तेथेंच त्याचा हात उघडा पडतो.

ही कसोटी आपल्याकडील मडक्यांना लावतां येईल काय? चाकणचे कारखाने मागें टाकून नाशिकच्या रस्त्यानें उत्तरेस गेलें कीं घोड नदी लागते. तिच्या कांठीं चांडोली, आणि बरेंच खालीं, शिरूर तालुक्यांत, इनामगांव. दोन्ही ठिकाणीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें उत्खनन केलें. इनामगांवचें काम 1968 पासून 1983 पर्यंत चाललें होतें. तेथें जीं रंगीत भांडीं निघालीं त्यांना 'जोर्वे' म्हणतात, कारण संगमनेर तालुक्यांतील जोर्वे गांवीं 1950-51 सालीं तीं प्रथम खणून काढण्यांत आलीं. त्यांचा बहराचा काळ इसवी सनापूर्वीं सुमारें 1400 ते 1000. बर्लिनचा चित्रकार जन्मण्याच्या कितीतरी आधींचीं हीं भांडीं!

तांबडा अंग, त्यावर काळी रेघ. भाजणी इतकी पक्की कीं टिचकी मारली असतां धातूसारखा नाद यावा. मधोमध कंगोरा असलेल्या वाट्या आणि लांब तोटीचे चंबू हे या कुंभाराचे आवडते घाट. चित्रकाम बहुधा वरच्या भागावर: चौकटी, त्रिकोण, तिरप्या रेघांनीं भरलेलीं जाळीं, नागमोडी पट्टे. प्राणी क्वचित्, माणूस त्याहून क्वचित्. घोटा नाहीं, कान नाहीं. मग हात ओळखावा कसा?

पण रेघेलाहि अक्षराप्रमाणें वळण असतें. कोणी जाळीच्या रेघा दाट ओढतो, कोणी विरळ. कोणाचा त्रिकोण टोंकाशीं नेमका मिटतो, कोणाची रेघ घाईनें पुढें धांवते. कुंचल्यांतील रंग संपला कीं ती फिकट होते आणि पुन्हा बुडवल्यावर एकदम गडद. दहा तुकडे शेजारीं ठेवले तर एवढें कोणालाहि दिसेल. शिवाय तो 'कारागीर' पुरुषच होता असें तरी कशावरून? आपल्या अनेक कुंभारवाड्यांत चाक पुरुषाचें आणि रंगकाम घरच्या बाईचें, अशी वांटणी आजहि आढळते. घोडेच्या कांठीं तसेंच असल्यास नवल नाहीं.

अथेन्सच्या चित्रकाराची उतरती कळा त्याच्या वयाची होती. इनामगांवची साऱ्या गांवाची. सुमारें 1000 नंतर चौकोनी घरांच्या जागीं लहान गोल झोंपड्या आल्या. पाऊसपाणी घटलें असावें असा संशोधकांचा कयास आहे. भांड्यांचे घाट जुनेच राहिले, पण रंगकाम ओसरलें. कुंचला धरणारीं बोटें नाहींशीं झालीं नव्हतीं. त्यांना उसंत उरली नसावी. इसवी सनापूर्वीं 700 च्या सुमारास गांव उठलें.

बर्लिनच्या चित्रकाराचे कांहीं घट इटलींतील धनिकांच्या थडग्यांत सांपडले. इनामगांवीं मूल दगावलें तर दोन मोठीं मडकीं तोंडास तोंड लावून त्यांत त्याला निजवीत आणि घराच्याच जमिनीखालीं पुरीत. हीं मडकीं जाडींभरडीं, करड्या रंगाचीं, बिनचित्रांचीं असत. मात्र जवळ ठेवायची वाटी व तोटीचा चंबू चांगल्या तांबड्या मातीचा, आणि त्यावर काळ्या रेघा ओढलेल्या.