कांद्याचा भाव मोबाईलवर दिसतो, पण कोणता?

लासलगावचा कांद्याचा जो भाव व्हॉट्सॲपवर फिरतो ना, तो बहुतेक वेळा 'जास्तीत जास्त' असतो. बाजार समिती रोज तीन आकडे देते: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण. वरचा भाव कधीकधी एखाद-दुसऱ्याच ट्रॅक्टरला मिळालेला असतो. म्हणून माल भरायच्या आधी सर्वसाधारण बघा. आवक किती झाली तेही बघा.

पण खरी गोची पुढे आहे. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि पुढे कित्येक महिने चाळीत राहतो. तिथे त्याचं वजन घटतं, थोडा सडतोही. तरी भाव वाढेल म्हणून शेतकरी थांबतो, आणि मधेच दिल्लीहून अधिसूचना येते.

ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. डिसेंबरात निर्यातच बंद! मे २०२४ मध्ये ती उघडली, पण टनाला किमान ५५० डॉलरची अट, शिवाय ते ४० टक्के होतेच. सप्टेंबरात अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ ला तेही गेलं.

भावाच्या ॲपमध्ये यातलं काय दिसतं? काहीच नाही. आलेख नुसता खाली आपटलेला दिसतो, का ते कळत नाही. मी स्वतः सॉफ्टवेअरवाला आहे. त्या आलेखावर या तारखा टाकणं काही अवघड काम नाही हो. तोवर एक करा: निर्यातबंदीसाठी डीजीएफटीची साइट आणि शुल्कासाठी अर्थ मंत्रालयाच्या अधिसूचना, दोन्ही मोबाईलवर सेव्ह करून ठेवा.