तिच्या दुसऱ्या दिवसाचे काय?

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आजचा विषय ठरविताना संयोजकांच्या मनात थोडा संकोच होता. जिथे एकाच घरातील तीन पिढ्या शेजारी शेजारी बसून व्याख्यान ऐकतात, तिथे देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांविषयी बोलावे काय, असे त्यांनी मला विचारले. मी त्यांना म्हटले, ज्या विषयावर आपण घरात बोलत नाही, त्यावर आपला निकाल मात्र केव्हाच लागलेला असतो. तो निकाल पुन्हा तपासावा, एवढ्यासाठीच मी उभा आहे.

आरंभ माझ्याच एका चुकीपासून करतो. १९९०च्या दशकाच्या मध्यास मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी नवखा वार्ताहर होतो. एके रात्री पोलिसांनी एका वस्तीवर छापा घातला आणि मला सोबत नेले. दुसऱ्या दिवशी माझी बातमी पहिल्या पानावर झळकली. सात स्त्रियांची नावे, त्यांची वये आणि गावे, सारे तीत होते. छाप्यात सापडलेल्या पुरुषांचा उल्लेख मात्र मी ‘काही प्रतिष्ठित व्यक्ती’ असा केला होता. मला शाबासकी मिळाली.

तीन आठवड्यांनी त्यांपैकी एक बाई कार्यालयात आली. आवाज चढविला नाही, शिव्याशाप दिले नाहीत. ती एवढेच म्हणाली, “साहेब, मी शहरात धुणीभांडी करते असं आईला सांगितलं होतं. पेपर गावात पोचला. पोरीला वसतिगृहातून घरी न्यायला सांगितलंय. आता तिला ठेवू कुठं? वस्तीतच ना?” दाराशी पोहोचल्यावर मागे वळून तिने विचारले, “त्या माणसांची नावं नव्हती का तुमच्याकडं?”

बंधुभगिनींनो, नावे माझ्याकडे होती.

त्या बाईचे पुढे काय झाले, हे मला कधीच कळले नाही. परंतु त्या दिवसापासून या प्रश्नावरील प्रत्येक भूमिकेला, मग ती नीतीची असो वा सुधारणेची, मी एकच कसोटी लावतो : तुमच्या या कृतीनंतर तिच्या दुसऱ्या दिवसाचे काय?

आपल्यापैकी पुष्कळांची समजूत अशी असते की, वेश्याव्यवसाय हाच कायद्याने गुन्हा आहे. वस्तुस्थिती तशी नाही. ज्याला बोलीभाषेत ‘पिटा’ म्हणतात, तो १९५६चा अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम कुंटणखाना चालविणे, मुलींना या धंद्यात ओढणे, त्यांच्या कमाईवर जगणे, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणे यांना गुन्हा मानतो. सज्ञान स्त्रीने स्वतः देहविक्रय करणे, एवढ्यावरून ती गुन्हेगार ठरत नाही. २०२० साली मुंबई उच्च न्यायालयाने संरक्षणगृहात ठेवलेल्या तीन सज्ञान तरुणींची मुक्तता करताना हीच गोष्ट स्पष्ट केली.

तरीही या कायद्याचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, ते पाहा. सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावल्याबद्दल स्त्रीला पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. तोच अपराध पुरुषाने केल्यास शिक्षा सात दिवस ते तीन महिने! कमाईवर जगणाऱ्याला शिक्षा देणारे कलम दलालासाठी लिहिले गेले. पण त्याच्या शब्दांत तिचा अठरा वर्षांवरील शिकणारा मुलगा आणि तिची वृद्ध आईही बसू शकते.

आता आपल्या राज्यातील एक अनुभव सांगतो. २००५ साली महाराष्ट्राने डान्स बारवर बंदी घातली. तरुण पिढी वाया जाते आहे, संसार उद्ध्वस्त होत आहेत, ही तक्रार खोटी नव्हती. बंदीचे स्वागत करणारा एक लेख मीही लिहिला होता. परंतु त्या कायद्यात एक मेख होती. साध्या बारमधील नृत्य बंद झाले आणि तारांकित हॉटेलांना मात्र सवलत मिळाली. म्हणजे गरिबाच्या पैशाने बिघडणारी नीती श्रीमंताच्या पैशाने बिघडत नाही, असे काहीसे आपण ठरवून टाकले! उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. पंचाहत्तर हजारांहून अधिक स्त्रियांचा रोजगार गेल्याचे न्यायालयासमोर मांडण्यात आले होते. त्यांतील अनेकींना पोटासाठी देहविक्रयाकडे वळावे लागले, याचीही न्यायालयाने नोंद घेतली. ज्या अधःपतनापासून त्यांना वाचवायचे म्हणून कायदा केला, त्याच दरीत त्या ढकलल्या गेल्या. कायदा करताना सभागृहाला पहिला दिवस दिसला होता. दुसरा दिसला नाही.

पुढे २०१६ साली राज्याने नवा कायदा केला. त्यातील अनेक जाचक अटी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये काढून टाकल्या. मात्र तिथे काम करणाऱ्या स्त्रीशी लेखी करार असावा आणि तिचा मोबदला बँक खात्यात जमा व्हावा, ही अट कायम राहिली. नृत्यावर पैसे उधळणे निषिद्धच राहिले. मला या निकालात शहाणपण दिसते. जागेविषयी तुमचे मत काहीही असो, तिथे राबणाऱ्या बाईचा पैसा मालकाच्या मुठीत राहू नये.

या प्रश्नावर आज दोन टोकांची मते आहेत. एक पक्ष म्हणतो, हे इतर श्रमांसारखेच श्रम आहेत. त्यांना कामाचा दर्जा द्या. बेल्जियमने डिसेंबर २०२४ पासून अशा स्त्रियांना रोजगार करार, प्रसूती रजा, निवृत्तिवेतन मिळण्याची वाट मोकळी केली. दुसरा पक्ष म्हणतो, हे मूलतः शोषण आहे. विकणारीला नव्हे, विकत घेणाऱ्याला शिक्षा करा. स्वीडनने १९९९ पासून हाच मार्ग धरला. 

माझे मत मी लपवून ठेवणार नाही. स्त्रीचे शरीर ही बाजारातील वस्तू आहे, हे मला मान्य नाही. ज्या दारातून दारिद्र्य, फसवणूक आणि देवाच्या नावाने मुली सोडण्याची दुष्ट रूढी आत ढकलते, त्या दारावर ‘निवड’ अशी पाटी लावताना माझा हात अडखळतो. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुरळीच्या प्रथेविरुद्ध आवाज उठविला. १९३६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत कामाठीपुऱ्यातील स्त्रियांसमोर बोलताना हे जीवन सोडण्याचे आवाहन केले. त्या परंपरेचा मी नम्र पाईक आहे. अल्पवयीन मुलगी असेल, तस्करी असेल, बळजबरी असेल, तर तिथे तडजोड नाही. तिथे दलाल, मालकीण आणि जाणूनबुजून जाणारे गिऱ्हाईक, तिघेही तुरुंगातच हवेत.

पण माझे मत काहीही असले, तरी आज, या क्षणी, त्या वस्तीत जी सज्ञान स्त्री राहते, तिचे नागरिकत्व माझ्या मतावर अवलंबून नाही. तिला तापाचे औषध हवे असेल, तर आधी धंदा सोड असे डॉक्टरने म्हणू नये. तिच्यावर बलात्कार झाला, तर ‘तुझ्यावर कसला बलात्कार?’ असे ठाणे अंमलदाराने विचारू नये. धंद्याचा निषेध आणि बाईचा हक्क या परस्परविरोधी गोष्टी आहेत, असे आपण उगाच मानून बसलो आहोत.

आपल्या पूर्वसूरींना हा भेद ठाऊक होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गणिकाध्यक्ष नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. गणिकेचे दागिने, धन किंवा ठरलेला मोबदला लुबाडणाऱ्याला आठपट दंड सांगितला आहे. तिच्या इच्छेविरुद्ध बळजबरी करणाऱ्यालाही शिक्षा आहे. ते राज्य तिच्याकडून करही वसूल करीत असे. म्हणून त्या व्यवस्थेचे उदात्तीकरण मला करायचे नाही. परंतु तिच्यावरील अन्याय हाही अन्यायच, एवढे त्या ग्रंथाला कळत होते.

आजच्या न्यायव्यवस्थेनेही तेच सांगितले आहे. कोलकात्यात १९९९ साली एका स्त्रीची निर्घृण हत्या झाली. त्या खटल्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेत १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले : लैंगिक अत्याचार झाल्यास अशा स्त्रीला अन्य कोणत्याही पीडितेप्रमाणे तातडीचे वैद्यकीय साहाय्य मिळावे, पोलिसांनी तिच्याशी सन्मानाने वागावे, संरक्षणगृहांत इच्छेविरुद्ध डांबलेल्या सज्ञान स्त्रियांची पाहणी व्हावी, आणि छाप्याच्या बातम्यांत माध्यमांनी तिची ओळख उघड करू नये. हे शेवटचे वाक्य मी वाचले, तेव्हा मला ती दारात उभी राहिलेली बाई आठवली. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी जे माझ्या सदसद्विवेकाला सुचायला हवे होते, ते सांगण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला लेखणी उचलावी लागली.

हक्क हाती आला की काय घडते, याचेही उदाहरण आहे. कोलकात्याच्या सोनागाचीत सावकारांच्या व्याजाने पिचलेल्या स्त्रियांनी १९९५ साली ‘उषा’ ही स्वतःची सहकारी संस्था काढली. नोंदणीच्या वेळी कायद्यातील चारित्र्याची अट आडवी आली. गृहिणी म्हणून नोंद करा, अशी पळवाट सुचविण्यात आली. ती नाकारून त्यांनी आपल्या खऱ्या ओळखीनेच नोंदणी मिळविली. पतपेढ्यांच्या या महाराष्ट्राला हे निराळे समजावून सांगायला नको. जिच्या खात्यात चार पैसे आहेत, तीच उद्या दलालाला ‘नाही’ म्हणू शकते आणि परवा वस्तीबाहेर पाऊल टाकू शकते. म्हणजे जे तिच्या मुक्तीचा आग्रह धरतात, त्यांनीच खरे तर तिच्या बँक खात्याचा आग्रह आधी धरायला हवा.

आपल्याकडेही १९८९ पासून अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, येथील ‘स्नेहालय’ने या वस्त्यांतील मुलांचा हात धरला आहे. सांगलीत या स्त्रियांनी स्वतःच परिषद उभारून अन्यायाविरुद्ध आवाज उठविला. या दोन मार्गांत मतभेद असतील. पण दोघेही तिच्या दुसऱ्या दिवसाचा विचार करतात, म्हणून दोघांनाही माझा नमस्कार.

शेवटी आपणांकडून तीनच अपेक्षा. आपल्यापैकी जे शिक्षक आहेत, त्यांनी प्रवेश अर्जावरील वडिलांच्या नावाचा रकाना रिकामा दिसला तर मुलीला वर्गात उभे करून प्रश्न विचारू नये. जे बँकेत, रुग्णालयात, शिधावाटप कार्यालयात आहेत, त्यांनी तिला रांगेतून बाजूला काढू नये. आणि आपण सर्वांनी, विशेषतः घरात वाढणाऱ्या मुलग्यांसमोर, या प्रश्नाचे दुसरे टोक उच्चारावे. बाजार विकणारीमुळे जितका चालतो, त्याहून अधिक घेणाऱ्यामुळे चालतो. संस्कारांची भाषा आपण मुलींपाशी पुष्कळ बोललो. आता ती मुलग्यांपाशी बोलण्याची वेळ आली आहे.

त्या बाईने दारातून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी दिले नाही. ते उशिरा का होईना, आज आपल्यासमोर दिले आहे. ती ऐकायला इथे नाही. पण तिच्यासारख्या कितीतरी जणी या शहरात, आपल्यापासून फार तर दोन-चार किलोमीटरवर आहेत.