बॉयलर गुडगुडतो तेव्हा

फौजेत उंचावरच्या पोस्टवर दोन गोष्टी अंगवळणी पडतात. पाण्याचा उघडा पाइप आधी गोठतो. आणि बंद खोलीतली बुखारी माणसाला झोपेतच मारू शकते, कारण कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. दोन्ही धडे निवृत्तीनंतर कामी आले, ते लेकीच्या इंग्लंडमधल्या घरी.

जानेवारीतली सकाळ. घरात तीन महिन्यांची नात, जावई परगावी, आणि बॉयलर बंद. आतून हुक्क्यासारखी गुडगुड. लेक रीसेटचं बटण दाबतेच आहे. म्हटलं, "अगं थांब. तो का थांबलाय ते आधी बघू."

तिथे २००५पासून बहुतेक नवे गॅस बॉयलर कंडेन्सिंग जातीचे बसवले जातात. ते जळालेल्या वायूतली उष्णताही वापरतात. वायू थंड होऊन त्यातल्या वाफेचं पाणी होतं, आणि ट्रॅपमधून प्लास्टिकच्या पाइपानं ड्रेनेजला जातं. बाहेरच्या पाइपात ते गोठलं की मागे तुंबतं आणि बॉयलर बंद पडतो.

खरं सांगतो, माझाही हात आधी ट्रॅप उघडायलाच गेला होता. मग बुखारी आठवली. ट्रॅपमधलं पाणी त्या वायूला अडवतं. ते रिकामं ठेवून बॉयलर चालवला, तर वायू घरात शिरू शकतो. तान्हं बाळ घरात होतं. हात मागे घेतला.

बाहेर गेलो. बारीक, उघडा पाइप. कोपऱ्यावर हात लावला तर बर्फ. गरम पाण्याची पिशवी तिथे धरली, मग कोमट पाणी ओतत राहिलो. उकळतं ओतू नका, पाइप तडकतो. खाली सांडलेल्या पाण्यावर मीठ टाका, नाहीतर तेच गोठून कुणीतरी घसरेल. पाणी वाहू लागल्यावर रीसेट एकदाच दाबलं. बॉयलर पेटला.

पाइप मोकळा असूनही गुडगुड राहिली, तर ट्रॅपमध्ये गाळ असू शकतो. ते काम गॅस सेफ नोंदणी असलेल्या तंत्रज्ञाचं. झाकण आपण उघडायचं नाही. आमच्याकडे आलेल्या तंत्रज्ञानं बाहेर ३२ मिलिमीटरचा जाड पाइप घातला, मीटरमागे सुमारे ५० मिलिमीटर उतार दिला, वर उबदार आवरण चढवलं.

परदेशी लेकराकडे जाणार असाल, तर त्या घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे ना, हे पहिल्याच दिवशी विचारा. लाडू नंतर काढा.

जय हिंद.