घर बांधणारा आणि घर बांधविणारा
(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



यंदाच्या संमेलनात घरबांधणीविषयी अनुभवाच्या चार गोष्टी सांगाव्यात, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाकडून झाली, तेव्हा मी प्रथम कचरलो. सारी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात काढलेल्या मनुष्यास पूल, रस्ते आणि सरकारी कचेऱ्या यांविषयी हवे तितके बोलता येईल. परंतु ज्या एका बांधकामात माझी पुरती फजिती झाली, ते बांधकाम माझ्या स्वतःच्या घराचे आहे आणि त्याविषयी बोलल्यावाचून हा विषय प्रामाणिकपणे मांडता येणार नाही. ही अडचण मी चिटणीसांना सांगितली. ते म्हणाले, ‘मग तेच सांगा.’ म्हणून उभा आहे.

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपणां सर्वांस पाठ आहे. वाडवडिलांनी ही दोन कार्ये एका ओळीत बसविली खरी. परंतु ती पार पाडण्याची आपली रीत मात्र दोन तऱ्हेची आहे. लग्न ठरले की आपण याद्या करतो. दोन्हीकडची वडील मंडळी बैठकीस बसतात. मानपान कोणाचा, जेवणाचा खर्च कोणाकडे, वऱ्हाड किती, हे सारे कागदावर उतरते, त्यास हळदकुंकू लागते आणि खाली दोन्ही पक्षांच्या सह्या होतात. त्या वेळी कोणाही व्याह्यास असे वाटत नाही की, समोरच्याने आपणावर अविश्वास दाखविला. उलट याद्या झाल्या म्हणजे सोयरीक पक्की झाली, असे आपण समजतो. घराचे काम काढताना मात्र, आणि विशेषेकरून कंत्राटदार आपल्यातला असला म्हणजे, ‘कागद कशाला? आपण का परके आहोत?’ असे म्हणून चहा घेतला जातो आणि नारळ फोडला जातो.

माझे नेमके हेच झाले. १९९८ साली निवृत्ती दृष्टिपथात आली, तेव्हा तालुक्याच्या गावी घेऊन ठेवलेल्या जागेवर मी घर बांधावयास काढले. माझा आतेभाऊ त्या भागात कंत्राटे घेत असे. कामास चोख, बोलण्यास गोड. आत्या म्हणाली, ‘घरचे काम घरच्याला दे.’ दर ठरला चौरस फुटास ४०० रुपये, मालासह. कशाचा चौरस फूट, हे मी विचारले नाही व त्यानेही सांगितले नाही. ज्याने आयुष्यभर सरकारी कामांच्या मापवह्या लिहिल्या, एकेका फुटासाठी कंत्राटदारांशी हुज्जत घातली, त्याने स्वतःच्या घरासाठी एक ओळदेखील लिहिली नाही!

घर बाहेरून बाहेर ३० फूट बाय ४० फूट. माझ्या हिशेबी क्षेत्र १,२०० चौरस फूट. हिशेबाच्या दिवशी आतेभावाने माप घेतले ते स्लॅबचे. स्लॅब चारही अंगांनी दोन दोन फूट भिंतीबाहेर होता. म्हणजे ३४ बाय ४४, अर्थात १,४९६ चौरस फूट. अंतर २९६ फुटांचे, आणि रुपयांत १,१८,४००. त्या काळी ही रक्कम माझ्या दृष्टीने लहान नव्हती. तो म्हणे, ‘आमच्याकडे माप स्लॅबवरच धरतात.’ मी म्हणे, ‘छज्जाखाली कोणी राहावयास जातो काय?’ आम्ही दोघेही खोटे बोलत नव्हतो. काही ठिकाणी पुढे आलेला भाग पुरता धरतात, काही ठिकाणी निम्म्याने, काही ठिकाणी मुळीच नाही. जे ठरवावयाचे ते आम्ही ठरविलेच नव्हते, इतकेच. शब्दाला शब्द वाढला. मी त्याचे पैसे अडविले. त्याने काम तेथेच टाकून माणसे नेली. उरलेला गिलावा व रंग मी दुसऱ्याकडून करविला. वास्तुशांतीस तो आला नाही. आत्या एकटी आली, देवघरासमोर बसली, पाणी घेतले आणि ‘उपास आहे’ असे सांगून पानावर न बसता निघून गेली. त्या दिवशी कोणताही उपास नव्हता.

असो. आता कामाच्या गोष्टींकडे वळतो.

चौरस फुटाच्या दराने काम देणे सर्वांत सोपे वाटते, म्हणून सर्वांत जास्त तंटे त्यातच होतात. ज्यांना घर बांधावयाचे आहे त्यांनी करारात प्रथम हे लिहावे की, माप कोठून कोठवर धरावयाचे. छज्जा, गॅलरी, पोर्च, जिन्यावरील खोली ही धरावयाची की नाही, आणि धरावयाची तर पुरती की निम्म्याने. कुंपणाची भिंत, जमिनीतील पाण्याची टाकी, शोषखड्डा आणि फाटक ही दरात आहेत काय, हेही लिहावे. कारण बहुधा ती नसतात आणि मालकाच्या मनात मात्र ती असतात. पाया किती खोलीपर्यंत दरात आहे, हा आणखी एक न विचारला जाणारा प्रश्न. काळ्या जमिनीत मुरूम लागेपर्यंत खणत जावे लागते आणि त्या वाढीव खोलीचा खर्च कोणाचा, यावर जोते येण्याआधीच वाद पेटतो.

दुसरा प्रकार मजुरीच्या कंत्राटाचा, म्हणजे माल मालकाचा व हात कंत्राटदाराचे. ज्यास रोज कामावर उभे राहण्यास वेळ आहे, त्यानेच या वाटेस जावे. तिसरा प्रकार प्रत्येक बाबीच्या मापावर दर देण्याचा. सरकारी कामे अशीच होतात. हा सर्वांत न्याय्य. परंतु मापे घेणारा माणूस मालकाच्या बाजूचा हवा.

आणि ‘चांगल्या प्रतीचा माल’ हे शब्द करारात कृपा करून लिहू नका. त्यांचा अर्थ पैसे देणाराचा एक असतो व घेणाराचा दुसरा. सिमेंट कोणत्या प्रकारचे, सळई कोणत्या प्रतीची, दाराचे लाकूड कोणते, नळ कोणत्या कंपनीचे, हे नावानिशी लिहावे. फरशीच्या बाबतीत चौरस फुटास अमुक किमतीपर्यंतची दरात, त्यावरची पसंत पडल्यास फरक मालकाने द्यावा, असे लिहिले म्हणजे दुकानात उभे राहून भांडण्याचा प्रसंग येत नाही.

पैशांविषयी माझा नियम एकच आहे: काम पुढे आणि पैसा मागे, परंतु फार मागे नको. जोते, स्लॅब, भिंती, गिलावा, फरशी असे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यास रक्कम ठरवावी. आरंभी माल आणण्यापुरती उचल देण्यास हरकत नाही. पण ती पुढील हप्त्यातून वळती करून घ्यावी. एका घराच्या स्लॅबसाठी घेतलेल्या पैशातून दुसऱ्या घराचा अडलेला गिलावा पुरा करावयाचा, ही पद्धत आपल्याकडे इतकी रूढ आहे की, तीत काही वावगे आहे असे करणारासही वाटत नाही. मात्र ज्याच्यापाशी ही साखळी तुटते, त्याचे घर अर्धे राहते. शेवटची शेकडा पाच ते दहा रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावी, आणि तसे आधीच लिहावे. कौल, गच्ची व खिडक्यांच्या चौकटी यांची खरी परीक्षा आषाढात होते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. टप्पा पुरा झाला असता पैसे आठ आठ दिवस अडवून ठेवणारे मालक मी पुष्कळ पाहिले आहेत. कंत्राटदारास बाजाराच्या दिवशी गवंडी व बिगारी यांची मजुरी चुकवावी लागते. त्या दिवशी हातात पैसा नसला की चांगली माणसे दुसऱ्या कामावर निघून जातात आणि आपल्या घरावर उरतात ती कोठेच न खपलेली.

आता जे झाकले जाते त्याविषयी. फरशी वाकडी बसली तर दिसते व उखडता येते. स्लॅबच्या पोटातील सळई उद्या कोणास दिसणार? म्हणून नकाशा व सळयांचे आराखडे करणारा अभियंता आपण स्वतंत्र फी देऊन नेमावा. कंत्राटदाराने ‘माझा एक माणूस आहे’ असे म्हटले, तरी नम्रपणे नाही म्हणावे. घराच्या एकंदर खर्चापुढे ही फी किरकोळ असते आणि नेमकी तीच वाचविण्याकडे आपला कल असतो. स्लॅब ओतण्यापूर्वी त्या अभियंत्याने सळया मोजून लेखी संमती द्यावी, त्यावाचून काँक्रीट पडू नये, अशी अट हवी. सळई खालच्या फळ्यांवर टेकलेली नसावी. स्लॅबमध्ये तिच्याखाली निदान २० मिलिमीटर व खांबात भोवती ४० मिलिमीटर काँक्रीट असले पाहिजे. त्यासाठी सिमेंटचे ठोकळे मिळतात. खडीचा तुकडा सरकवून भागविणे चुकीचे. कोकणपट्टीत, खाऱ्या हवेत, एवढ्यानेही भागत नाही. हे आवरण अधिक जाड लागते. ज्यांनी तिकडे स्लॅबचे पोपडे पडलेले पाहिले आहेत, त्यांस हे निराळे सांगावयास नको.

सळई वजनावर घेतली जाते. १२ मिलिमीटर जाडीच्या १२ मीटर लांब सळईचे वजन सुमारे १०.६६ किलो भरले पाहिजे. मानकाप्रमाणे शेकडा पाचापर्यंतचा फरक चालतो. चार सळया काट्यावर घालून पाहण्यास अभियंता लागत नाही. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मालकाने मोजून ठेवून घ्याव्यात, ही जुनी युक्ती आजही उपयोगाची आहे. काँक्रीट पातळ असले की फावड्याने सहज ढकलले जाते, म्हणून माणसे त्यात पाणी ओतीत राहतात. नेहमीच्या स्लॅबच्या मिश्रणात ५० किलोच्या गोणीस सुमारे २७ लिटरांहून अधिक पाणी नको, आणि त्यात ओल्या वाळूतील पाणीही आलेच. हल्ली तयार काँक्रीट गाडीने येते. त्या गाडीतही जागेवर पाणी घालण्याचा मोह होतो, तेवढ्यावर नजर ठेवावी.

उलट, स्लॅब ओतल्यावर पाणी हवे तितके. साध्या पोर्टलंड सिमेंटास निदान सात दिवस आणि आज बाजारात बहुधा मिळणाऱ्या राखमिश्रित सिमेंटास निदान दहा, शक्य तर चौदा दिवस, स्लॅबवर वाफे करून पाणी साठवावे. हे पाणी कोणी आणावयाचे? टँकरचे पैसे कोणाचे? दुष्काळी भागातील बांधवांनी ही ओळ करारात अवश्य घालावी, कारण ती नसली की मालक कंत्राटदाराकडे व कंत्राटदार मालकाकडे पाहत राहतो आणि स्लॅब कोरडा तडकतो. टेकू काढण्याची घाई हे दुसरे दुखणे; कंत्राटदारास ते सामान पुढच्या कामावर न्यावयाचे असते. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्यास सात दिवस व त्यावर चौदा दिवस, हे साध्या सिमेंटचे किमान मान आहे. मिश्र सिमेंटास त्याहून अधिक थांबावे. तारीख अभियंत्याने सांगावी, मुकादमाने नव्हे.

ज्यांची मुले परगावी वा परदेशी आहेत आणि वृद्ध आईवडील कामावर देखरेख करीत आहेत, त्यांनी मोबाईलवर रोज चार छायाचित्रे काढावीत. भिंतीची नव्हेत, तर जे झाकले जाणार आहे त्याची: पाया, सळया, भिंतीतील नळ आणि विजेच्या नळ्या. पुढे खिळा ठोकतानासुद्धा ती उपयोगी पडतात.

आता मालकांचे दोष. पहिला, विचार बदलणे. जोते झाल्यावर कोणी तरी सांगतो की स्वयंपाकघर आग्नेयेस हवे, आणि खणलेले पुन्हा भरले जाते. दिशा पाहावयाची असेल तर नकाशा कागदावर असतानाच पाहावी. त्याच वेळी घरातील स्त्रियांस विचारावे. ओटा किती उंच, धुणे कोठे वाळणार, मांडणीस उजेड कोठून, हे ज्यांना रोज भोगावयाचे आहे त्यांचे मत आपण स्लॅब पडल्यावर ऐकतो आणि मग भिंती फोडतो. बदल करावयाचाच तर त्याची किंमत आधी विचारून, वहीत लिहून, दोघांनी सही करावी. दुसरा दोष, गवंड्यास परस्पर हुकूम देणे. सकाळी सासरे एक सांगतात, दुपारी जावई दुसरे. गवंडी बिचारा शेवटचे ऐकलेले करतो.

कायद्याविषयी थोडेसे. ‘रेरा’ म्हणून प्रसिद्ध असलेला २०१६ चा कायदा आपणांस तारील, अशी अनेकांची समजूत आहे. तो घरे बांधून विकणाऱ्यांसाठी आहे; आपल्या जागेवर आपण कंत्राटदाराकडून करवून घेतलेल्या घरास तो लागू नाही. त्या कायद्यात विकणाऱ्यावर पाच वर्षांच्या दोषदुरुस्तीची जबाबदारी आहे, तशी अट आपण आपल्या करारात स्वतः घातली पाहिजे. घरबांधणी ही ग्राहक संरक्षण कायद्याखाली ‘सेवा’ मात्र आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे, तंट्याचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पण तेथेही पहिला प्रश्न हाच विचारला जातो: लेखी काय आहे?

माझ्या घराचा हिशेब सांगावयाचा राहिला. २००५ साली कागद आवरताना कामाच्या वेळची माझी रोजनिशी हाती लागली. नकाशात छज्जा एक फुटाचा होता. एका पानावर माझ्याच अक्षरात लिहिले होते: ‘पावसाची झड आत येईल, स्लॅब चोहीकडे दोन फूट काढावयास सांगितले.’ त्याने स्लॅब पुढे नेला तो माझ्या सांगण्यावरून; पैसे अडविताना ते मला आठवले नाही, की आठवावेसे वाटले नाही, हे आज मी शपथेवर सांगू शकत नाही. रोजनिशी व पैसे घेऊन मी त्याच्या घरी गेलो. त्याने पान वाचले, मिटले आणि म्हणाला, ‘निम्मे माप धर.’ निम्म्याचे ५९,२०० रुपये त्याने घेतले. आत्या त्यापूर्वीच गेली होती.

पुढे आम्ही दोघांनी बसून घराच्या कराराचा एक नमुना तयार केला. मालकाच्या बाजूची कलमे माझी. वेळेवर पैसे व पाणी देण्याची कलमे त्याने घातली, आणि ती माझ्यापेक्षा अधिक कडक आहेत. त्याच्या प्रती दाराशी टेबलावर ठेवल्या आहेत. मुद्रांक व मजकूर आपल्या वकिलास एकदा दाखवून मगच सह्या कराव्यात. ज्यांचे काम चालू आहे त्यांनी मला बोलवावयाचे तर स्लॅबच्या आदल्या दिवशी बोलवावे. स्लॅब पडल्यावर येऊन मी फक्त चहा घेऊ शकेन.